कोरफडीचा पिवळा चीक

दुपारच्या सुट्टीत कारखान्यातल्या एकीनं केसांना लावायला आणलेलं कोरफडीचं पान खिडकीत बसून कापलं. कापल्या जागी पिवळा चीक साचला, आणि त्याचा उग्र, कडवट वास शिलाई मशीनच्या तेलाच्या वासात मिसळत माझ्यापर्यंत आला. हातातला घास मी डब्यात परत ठेवला. इतक्या गुणी झाडाच्या वासानं कुणी जेवण टाकून उठतं का? मी उठते. का ते नीट सांगता येईलसं वाटत नाही, कारण त्यातलं खरं काय हे मलाच अजून उमगलेलं नाही.

मी समुद्राकाठच्या गावची. सातवीत शाळा सुटली, आणि नशिबानं सोलापुरात आणून बसवलं ते शाळेचेच गणवेश शिवायला. ज्यांनी अंगणातली खोली मला राहायला दिली, त्यांना सगळी गल्ली अव्वा, म्हणजे कन्नडमध्ये आई, म्हणायची. मीही म्हणू लागले. शेजारणींशी त्या कन्नड बोलायच्या, माझ्याशी मराठी, आणि कुत्र्याशी दोन्ही. लेक लग्न होऊन मैंदर्गीला, मालक केव्हाच गेलेले. घरात अव्वा आणि उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपणारं ते तांबूस कुत्रं, एवढंच. पहिल्याच उन्हाळ्यात मी तापानं पडले, तेव्हा तीन दिवस उशाशी बसून त्यांनी मला ज्वारीची आंबील पाजली. परक्या गावात आजारी पडायचं तर आधी सांगून पडावं की, म्हणून रागावल्याही. तेव्हापासून त्यांचं काही माझ्या हातून बिघडू नये, अशी एक धास्तीच मनाला चिकटून राहिली.

पुढच्या वर्षी ऐन उन्हात त्या कुत्र्यानं तापल्या पत्र्यावर उडी मारली आणि पंजे भाजून घेतले. अव्वा बाजारात गेलेल्या. आमच्याकडं कुणाला चटका बसला की आई परसातली कोरफड चिरून लावायची. माझ्या मनगटावर चुलीचा डाग नाही तो त्या गारव्यामुळंच, असं ती सांगे. मी अव्वांच्या कुंडीतलं एक पान तोडलं, उभं चिरलं, चिकासकट पंज्यांवर चोळलं आणि वर चिंध्या बांधल्या. संध्याकाळपर्यंत त्यानं चिंध्या ओढून काढल्या, पंजे चाटून लख्ख केले आणि खाली पडलेली सालही चघळली. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, पोटातही औषध गेलं.

दुसऱ्या दिवशी ते ओकायला लागलं. मग जुलाब. दुपारी तर मानही उचलेना. अव्वा पदरानं वारा घालत त्याच्या कानाशी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत बसल्या होत्या. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं उकिरड्यावरचं खाल्लं. मी दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली. मोबाइलवर शोधून पाहिलं, तर एके ठिकाणी कोरफड जखमेला अमृत, दुसरीकडं कुत्र्याला विष. सातवीपुरतं शिकलेली मी. दोन्हीकडचं सारखंच खरं दिसत होतं.

रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलंय? मी जमिनीकडं बघत सांगून टाकलं, की मी कोरफड लावली, चिकासकट, आणि ती त्यानं चाटली. डॉक्टर म्हणाले, सालीखालचा पिवळा चीक कुत्र्याच्या पोटाला वाईट. आतला गर तेवढा वाईट नाही, पण काढताना चीक लागतोच, तेव्हा घरच्या घरी लावूही नये आणि चारूही नये. मात्र हे त्यानंच झालं की उन्हानं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. मला वाटलं, आता अव्वा माझ्याकडं बघतील. त्या डॉक्टरांकडंच बघत होत्या.

"मीबी भाकरीत कालवून घालते की," त्या म्हणाल्या. "उष्णता उतरती म्हणून. हिनं एकदा लावली, मी आठ दिवस चारलेय."

डॉक्टरांनी हातातली सुई तशीच धरून आम्हा दोघींकडं पाहिलं. दोघींनी मिळून एकाच जनावरावर डॉक्टरकी केली म्हणायची, म्हणाले. सलाईन संपल्यावर परतताना कुत्रं आमच्या दोघींच्या मांड्यांवर आडवं पडलं होतं. डोकं त्यांच्याकडं, शेपूट माझ्याकडं. तिसऱ्या दिवशी त्यानं ताकभात खाल्ला, आणि अव्वा दाराआड जाऊन डोळे पुसून आल्या.

ते सावरल्यावर एकदा कुंडीला पाणी घालताना माझं लक्ष गेलं. झाडावर पान तुटल्याची खूण एकच होती, मी तोडलेल्या पानाची. मग अव्वांनी आठ दिवस चारलं ते कुठलं? मंडईतून आणलं असेल, शेजारून मागितलं असेल. कुत्र्याच्या ताटलीत मला गर कधी दिसला नाही, पण दिवसभर मी तरी घरात कुठं असायचे? की त्या दवाखान्यात मला एकटीला उभं राहू द्यायचं नाही, म्हणून त्या तसं बोलल्या?

आता अव्वा लेकीकडं मैंदर्गीला असतात, कुत्र्यालाही घेऊन गेल्यात. रविवारी फोन होतो. विचारावं असं दर खेपेला ओठांवर येतं, आणि मी त्याची तब्येत विचारते. त्या सांगतात, म्हातारं झालंय, पण खातंय. तेवढं ऐकून मी फोन ठेवते. त्यांनी खरं सांगितलं तर ती चूक पुन्हा कुणातरी एकीची होईल. सध्या ती दोघींची आहे, आणि सोलापुरात माझं म्हणावं असं जे थोडंफार आहे, त्यात मी तीही धरते.