गोबरगॅस आणि भाकड म्हैस

आमच्या म्हशीने दूध द्यायचं सोडलं त्यालाही बराच काळ लोटला होता, तरी ती गोठ्यात होती. सासरे तिला विकू देत नसत. नवऱ्याने विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "शेन कोठून आनशी? गॅस काय हवावर चालस?" उत्तर बिनतोड होतं. म्हैस गेली असती तर उरलेल्या एका गाईच्या शेणावर गोबरगॅसच्या शेगडीने सकाळचा चहा कसाबसा उकळून मान टाकली असती.

खरं कारण वेगळं होतं. ती म्हैस सासूबाईंनी वाढवलेली. त्या गेल्यापासून सासरे घरात हो-नाही पुरतंच बोलत. संध्याकाळी मात्र गोठ्यात खाट टाकून म्हशीला गावाच्या सगळ्या बातम्या सांगत. हे आम्हाला दिसत होतं, पण व्यवहारात असलं कारण चालत नाही, म्हणून तेही शेणाचंच नाव पुढे करत.

मला म्हशीशी देणंघेणं नव्हतं. मला गॅस हवा होता. एका प्रशिक्षणात ऐकून आले होते की शेणाबरोबर थोडी फळं, भाजीचा कचरा टाकला तर गॅस वाढतो. आमच्या शहाद्याकडे पपईला काय तोटा! माल भरणारे डाग पडलेली फळं बांधावर टाकून जात. ती आणून, बारीक चिरून, शेणकाल्यात कालवून मी रोज थोडी थोडी टाकीत सोडू लागले. काही आठवड्यांत ज्योत अशी निळी आणि उंच झाली की भाकरीपासून डाळीपर्यंत सगळं तिच्यावर होऊ लागलं. मी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवली. एवढी मिरवायची गरज नव्हती.

कारण नवऱ्यानेही ती पाहिली. जेवताना तो म्हणाला, "आते एक गायवर भागस. म्हैस इकी टाकूत." सासऱ्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, पण मला जेवण गेलं नाही. भाकड म्हैस बाजारातून पुढे कुठे जाते हे सगळ्यांना माहीत असतं. आठवडी बाजाराच्या दिवशी न्यायचं ठरलं.

बाजार तोंडावर आला आणि ज्योत पिवळी पडली. मग फुरफुरून विझू लागली. मी टाकीजवळ गेले तर आंबूस भपकारा. शेणकाला ओतायच्या कुंडीच्या कडेला पपईच्या अख्ख्या फोडी चिकटलेल्या. बांधावरचा ढीगही गायब. पपईचा मारा झाला की टाकी आंबते आणि गॅस बसतो, हे मीच घरात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

"मीच टाक्यात, माय," सासरे म्हणाले. "तुन्हा गॅस वाढाले पाहिजे ना?" चेहरा अगदी निष्पाप.

नवरा वैतागला. उपाय काय, म्हणून त्याने मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं: फळं बंद, नुसतं ताजं शेण, आणि तेही भरपूर. एका गाईचं पुरणार नाही. बाजारचा टेम्पो रिकामाच गेला.

टाकी हळूहळू सुधारली. दोन जनावरांच्या शेणावर जेमतेम स्वयंपाक होऊ लागला. तेव्हा एका संध्याकाळी नवरा म्हणाला की आता बेताने पपई परत सुरू कर. बेताने टाकली तर काहीच बिघडणार नव्हतं. सासरे हात धुवायला उठले होते, ते तसेच थांबले.

"आपल्या टाकीला पपई मानवत नाही," मी म्हटलं.

नवऱ्याला पटलं. सासरे हात धुऊन गोठ्याकडे गेले. थोड्या वेळाने मी शेणाची पाटी आणायला गेले, तर दाराबाहेरच ऐकू आलं. ते म्हशीला सांगत होते, "आपले सून चांगली भेटनी."