कॉम्प्युटरची साप्ताहिक सुट्टी

मी आयुष्यात एकदा शुक्रवारी सकाळी झोपून शुक्रवारी सकाळीच उठलो आहे. मधे आख्खा एक दिवस निघून गेला होता, हे मला सोडून आमच्या सगळ्या सरावली गावाला ठाऊक होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, आमच्या घरी नुकताच कॉम्प्युटर आला होता तेव्हाची. तारापूरच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आपल्या डोक्याला मात्र तेल घालू शकत नाही. मी सगळं विसरायचो. गॅसचा नंबर लावायला, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला, एकदा तर लग्नाचा वाढदिवस! (त्याबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही. बायको हे वाचणार आहे.) म्हणून बोईसरच्या एका दुकानदाराकडून जोडून घेतलेल्या त्या कॉम्प्युटरमध्ये आठवण करून देणारं कॅलेंडर आहे असं कळलं, तेव्हा मला माझं दुसरं डोकं सापडल्यासारखं झालं. तारीख टाकायची, वेळ टाकायची, मजकूर लिहायचा. वेळ झाली की कॉम्प्युटर टुंग टुंग वाजतो आणि पडद्यावर पाटी येते. मी त्याच दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माळ्यावर टाकलं.

"अहो, राहू द्या की ते," शालू म्हणाली. शालू म्हणजे माझी बायको. "त्यावर दुधाचे खाडे लिहिते मी."

"दुधाचे खाडेही कॉम्प्युटर सांगेल."

"त्याला कोण सांगणार?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. तिथेच चुकलं.

पहिली आठवण गॅसच्या नंबराची होती. ती आली, पण गॅस संपून आम्ही दोन दिवस शेजारच्या राऊतांच्या स्टोव्हवर भात शिजवल्यानंतर आली. मी तपास केला तेव्हा कळलं की कॉम्प्युटरचं घड्याळच मागे पडतंय. आई दुपारी झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आणि दुकानदाराने आतली बॅटरी जुनीच घातल्यामुळे बटण बंद झालं की आतलं घड्याळ जिथल्या तिथे थांबायचं. पुन्हा चालू केलं की तिथूनच पुढे, जणू मधे काही घडलंच नाही.

"आई, बटण बंद करू नकोस."

"तापतोय तो. हात लावून बघ. उगाच जळून जायचा."

मी बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, 'बंद करू नये'. आईने ते नीट वाचलं, बटणाला हात लावला नाही आणि पिनच उपटली. मग मी पिनेलाही चिकटपट्टी लावली, घड्याळ बरोबर लावलं, आणि त्यानंतर आठवणी अगदी वेळेवर येऊ लागल्या. आईच्या गोळ्यांची टुंग टुंग झाली की आई स्वयंपाकघरातून "घेतली रे बाबा" असं कॉम्प्युटरला उत्तर द्यायची. मी कारखान्यात चारचौघांना सांगितलं, की माणसाने आता काहीही लक्षात ठेवण्याची गरज उरलेली नाही.

आणि अशा वेळी तात्यांचा पंखा माझ्याकडे आला.

तात्या म्हणजे माझे सासरे. शालूचं माहेर समुद्रकाठचं, तिथे तात्यांची मासेमारीची बोट. मी पाम गावचा, चिकूच्या वाडीत वाढलेला, त्यामुळे समुद्रातलं मला फक्त ताटात आलेलं कळतं. नारळी पौर्णिमेनंतर गावच्या सगळ्या बोटी पाण्यात गेल्या, तात्यांची एकटीच वाळूवर राहिली, कारण तिचा पंखा वाकला होता. बोटीच्या मागे पाण्याखाली फिरतो तो पितळी पंखा, चांगला जड. मीच फुशारकीने म्हणालो, "द्या माझ्याकडे. आमच्या एमआयडीसीत सरळ करून आणतो."

तो सरळ होऊन आलाही, आणि आमच्या घरी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली बसला. आता अमावास्येनंतरच्या उधाणात, शनिवारी दुपारच्या भरतीला बोट उतरवायची होती. बोट जड, त्यामुळे उधाणाचं पाणी आल्याशिवाय ती हलत नाही, आणि पंखा बसवायचा तर पाणी यायच्या आत, बोट कोरडी असतानाच. ती भरती हुकली तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडाभर बोट वाळूवर आणि खलाशी घरी. बाकीचा गाव पापलेट आणत असताना तात्या काठावर बसून ते मोजणार, हे चित्र मला सहन होण्यासारखं नव्हतं.

शालू त्या दिवशीच्या पंगतीच्या स्वयंपाकाला मदत म्हणून दोन दिवस आधीच माहेरी गेली. जाताना म्हणाली, "शनिवारी सकाळी निघा. विसराल."

"मी विसरेन. कॉम्प्युटर विसरणार नाही," मी म्हणालो. शुक्रवारी संध्याकाळी 'उद्या पंखा' आणि शनिवारी सकाळी 'निघा' अशा दोन पाट्या मी तिच्यादेखत टाकल्या. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा ती काहीतरी व्यवस्था करत असते, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

गुरुवारी आमचा एक माणूस आला नाही, म्हणून मला लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागल्या. शुक्रवारी सकाळी घरी आलो तो उभ्या उभ्याच झोपलो. शुक्रवार म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, आणि त्या दिवशी वीजही सुट्टीवर जाते. त्या शुक्रवारी ती सकाळी गेली आणि रात्रीही आली नाही. बटणाला चिकटपट्टी होती, पिनेला चिकटपट्टी होती. वीज मंडळाला चिकटपट्टी लावायची राहिली होती!

डोक्यावरचा दिवा लागला तशी मला जाग आली. बाहेर सकाळ होती. छान, तासभर झोप झाली, असं मनाशी म्हणत मी कॉम्प्युटर चालू केला. शुक्रवार सकाळ. पाटी नाही, टुंग टुंग नाही. मी निवांत चहा मागितला.

इतक्यात दारात रिक्षा थांबली. रामसूरत आत आला. हा स्टेशनपासून सरावलीपर्यंत रिक्षा चालवायचा आणि शालू बाजारातून नेहमी त्याच्याच रिक्षाने यायची.

"चलिये साहब. भाभीजी बोली थीं, शनिचर को सुबह साहब को पंखे के साथ उठाना है."

"कल आना. आज शुक्रवार है."

"शुक्रवार तो कल था, साहब."

"कल गुरुवार था. मैं ड्यूटी पे था."

रामसूरतने माझ्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. एवढ्यात राऊत डबा घेऊन, गणवेश घालून कामावर निघालेले दिसले. मी त्यांना हाक मारली.

"काय राऊत, सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम?"

"कसली सुट्टी? शनिवार आहे आज."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पडदा दाखवला. राऊतांनी वाकून तारीख वाचली. मग हळूच म्हणाले, "च्यायला, कॉम्प्युटर तर शुक्रवार म्हणतोय."

"तेच तर."

"म्हणजे काल मी घरी होतो तो गुरुवार? खाडा पडला की माझा!" त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि घाम पुसला. मागून त्यांच्या पाळीचे दोघे आले, त्यांनीही पडदा बघितला. एक जण तर गणवेशाची बटणं सोडायला लागला. कॉम्प्युटरपुढे बोलायची कुणाचीच छाती होईना. रामसूरत तेवढा दारातून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अरे बाबू, हमको मशीन नहीं, भाभीजी बोली हैं."

आई चहा घेऊन आली. "काल दिवसभर झोपलास, रात्री जेवायलापन उठला नायस," ती म्हणाली. "दोनदा हलवला तुला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू मला कवा विचारला? तू त्याला विचारतोस."

आणि तेव्हाच कारखान्याचा भोंगा वाजला. शुक्रवारी भोंगा वाजत नाही. राऊत आणि मंडळी अशी धावली की त्यांचा डबा आमच्याच टेबलावर राहिला (तो आईने दुपारी पोचवला). मी पायजम्यावरच पंखा उचलला.

त्या अडीच तासांच्या प्रवासाचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी डोळे मिटून बसलो होतो. मांडीवर पितळी पंखा, रस्त्यात खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला पंख्याचं एक पातं मला भलत्या ठिकाणी आठवण करून देत होतं. रामसूरत मागे न बघता धीर देत होता, "हो जायेगा साहब." माझ्या डोळ्यांपुढे वाळूवरची एकटी बोट होती. देवा, एवढी भरती थोडी उशिरा येऊ दे, मी मनात म्हणत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी बोटीपासून चार हातांवर होतं. तात्या पाण्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे होते. मला पाहून त्यांनी ओरडा केला नाही, काही विचारलं नाही. "आलं जावय," एवढंच म्हणाले आणि पंखा माझ्या हातातून घेतला. खलाशी बोटीखाली शिरले. शेवटचा नट आवळला तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना पाणी लागलं होतं. शालूने नारळ वाढवला, सगळ्यांनी खांदे लावले, आणि बोट अलगद पाण्यावर गेली. इंजिन सुरू झालं, मागे फेस उसळला. मला इतकं हलकं वाटलं की मी पायजम्यासकट वाळूत बसलो आणि उठायचं नावच घेईना.

जेवताना तात्या खुशीत होते. "मला वाटला, जावय आज येत नाय," ते सगळ्या पंगतीला सांगत होते. "पन त्यांच्या घरी ता यंत्र हाय ना, ता टायमावर आठवन करते."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. शालूने माझ्या पायजम्याकडे बघितलं, मग पंगतीच्या टोकाला कोळंबीचं कालवण भुरकत बसलेल्या रामसूरतकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "उठा, त्याला भात वाढा. आपला कॉम्प्युटर उपाशी राहायला नको."

मी मुकाट्याने भाताचं पातेलं उचललं.