अंजनाक्काची नजर

शाहूपुरीतल्या वृषभशेठच्या गोदामात काचेची बरणी आली की आधी अंजनाक्काच्या हातात जायची. अक्का ती खिडकीकडे धरून एकदाच फिरवायची आणि निकाल द्यायची. धडधाकट असेल ती लांब नागपूरला, काचेत बुडबुडा असेल ती जवळ सांगलीला, आणि केसाएवढी जरी चीर दिसली तरी भंगारात. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला थोडा तोरा येतोच. अक्काला तो जरा जास्तच होता. सून बघायला गेली तरी ही पोरीला उजेडाकडे धरून बघेल, अशी गोदामातल्या बायका तिची चेष्टा करायच्या.

निवडलेला माल धोंडुबाई भरायची. प्रत्येक बरणीभोवती पुठ्ठा, मध्ये भाताच्या वाळल्या काडाचं पिंजर, आणि बंद केलेलं खोकं हलवून त्याला कान लावायचा. जरा आवाज आला की खोकं सोडून पुन्हा भरायची.

तीन वर्षांपूर्वी नागपूरहून चार खोकी फुटून परत आली. शेठनं सगळ्यांना बोलावून विचारलं. बरण्यांतच चीर असेल, असं धोंडुबाई हळूच म्हणाली आणि अक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या नजरंतनं चीर सुटत न्हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "हिचा हातच सैल हाय."

दुसऱ्या दिवसापासून धोंडुबाई आली नाही. हिच्या हातात काच टिकत नाही, ही गोष्ट इतर गोदामांतही पोचली, आणि काम मिळेना म्हणून ती गारगोटीला भावाकडे निघून गेली. त्यानंतरही खोकी फुटतच राहिली. अक्कानं रस्त्याला, हमालांना, ट्रकवाल्यांना नावं ठेवली, पण स्वतःवर शंका घ्यायचं काही तिला सुचलं नाही.

यंदा दिवाळीनंतर तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. फार दिवस अंगावर काढलंत, तीन-चार वर्षं तरी धूसर दिसत असणार, असं डॉक्टर म्हणाले. कामावर परतल्यावर तिनं ऑपरेशनआधी स्वतःच निवडलेलं, नागपूरला जायचं राहिलेलं एक खोकं उघडलं. चोवीसपैकी सहा बरण्यांच्या बुडाला चिरा होत्या, अगदी ढळढळीत. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. कुणी बघायच्या आत तिनं त्या सहाही बरण्या भंगारात टाकल्या.

रविवारी ती एसटीनं गारगोटीला गेली. धोंडुबाईनं पाणी दिलं, चहा टाकला. अक्कानं डोळ्यांचं, खोक्याचं सगळं सांगितलं, चूक माझीच होती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. धोंडुबाईनं चहा गाळून तिच्यापुढं ठेवला.

"शेठला सांगितलंस?"

"अजून न्हाय."

"बायकांस्नी?"

अक्कानं हातातली कपबशी खाली ठेवली.

"मग मला सांगून काय उपेग, अक्का? मला म्हाईतच हाय की."

सोमवारी चहाच्या वेळी सगळ्या बायका जमल्या होत्या. शेठही तिथंच उभा होता. आता डोळ्यांना कसं काय, असं त्यानं विचारलं. परतीच्या एसटीत बसून जुळवलेली कबुलीची वाक्यं अक्काच्या ओठांपर्यंत आली.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि पुढची बरणी उचलून तिनं खिडकीकडे धरली.