दोन वडांमधली वाट

राजवाड्याच्या दक्षिणेच्या मैदानात दोन जुने वड आहेत. डोळे बांधून जो त्या दोघांच्या मधून सरळ पार होतो, त्याचं मन निर्मळ, असं आमच्या योग्याकार्तात मानतात. बहुतेकांची पावलं भलतीकडेच वळतात. चालणाऱ्याला हात लावायचा नाही, वाट सांगायची नाही, एवढाच नियम.

डोळ्यांवर बांधायची काळी फडकी भाड्याने देते ती सुकाप्ती. सगळं मैदान तिला यू काप्ती म्हणतं. यू म्हणजे थोरली बहीण. शेजारी शेगडीवर आल्याचं गोड पाणी उकळत असतं. त्यात तांदळाच्या पिठाच्या लुसलुशीत गोळ्या आणि शेंगदाणे घालून ती वाट्या भरते. आईचाच धंदा तिने पुढे चालवला. माझं घर मैदानामागच्या गल्लीत, त्यामुळे संध्याकाळ झाली की मी तिच्या चटईवर असते. मला ती 'जेंग' म्हणते, आपल्या ओळखीच्या बाईला मानाने म्हणतात तसं.

यू काप्ती स्वतः मात्र कधीच डोळे बांधून चालली नाही. दिव्यांच्या पायडल-गाड्या चालवणारा गिमिन तिला रोज डिवचायचा, "यू, एकदा चाला की! का थेट पोलीस चौकीत शिराल?"

"आणि हे पातेलं कोण ढवळणार, तुझी सासू?"

सगळे हसायचे. खरं कारण मला माहीत होतं. तिची धाकटी बहीण दार्नी सुराबायाला असते. आई आजारी पडली तेव्हा दार्नी पोटुशी होती, डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हणून बजावलेलं. तिच्या जिवाला घोर नको म्हणून यू काप्ती फोनवर सांगत राहिली, "आई बरी आहे." आम्ही जावानी माणसं अशीच. दुसऱ्याला त्रास नको म्हणून वाईट बातमी पदराखाली झाकून ठेवतो. दार्नी आली तेव्हा आईला माती देऊन झाली होती. "मला परकी केलीस," एवढंच म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही.

रोज्यांच्या आधीच्या महिन्यात आम्ही थडगी झाडून फुलं वाहतो आणि अपेम, म्हणजे तांदळाच्या पिठाचे मऊ गोड घावन, करतो. आमच्याकडे क्षमा मागायची ती या अपेमने. यू काप्ती दरवर्षी एक अपेम केळीच्या पानात बांधून दार्नीसाठी बाजूला ठेवायची. अंधार पडला की तो माझ्या हातात द्यायची. "जेंग, तुम्हीच खा. यंदाही नाही आली." घरी जाताना तो मीच खायचे.

यंदा त्याच महिन्यात, अपेम केले त्या संध्याकाळी, बायकांची बस आली. सकाळी प्राचीन देवळं, मग राजवाडा, दुपारी जलमहाल असं सगळं बघून त्यांचे पाय सुजले होते, तरी खिदळणं थांबत नव्हतं. "आम्ही सुराबायाच्या!" एकीने सांगितलं आणि यू काप्तीचा डाव पातेल्यातच थांबला.

"जेंग," ती पुटपुटली, "ती तपकिरी ओढणीवाली… चाल बघा तिची. दार्नी आहे."

"मग हाक मारा!"

"नको. ती फिरायला आलीय, माझ्याकडे नाही. तिची संध्याकाळ कशाला नासवू?"

"पुन्हा तेच!" मी चिडलेच. "त्रास नको, त्रास नको करत एकदा काय झालं ते विसरलात?"

ती पातेल्याआड तोंड लपवून बसली. फडकं घेऊन शेवटी मीच गेले आणि दार्नीचे डोळे बांधले.

दार्नी निघाली ती दहा पावलांतच वळली. मैत्रिणी ओरडल्या, "अगं बाई, चालत सुराबायाला निघालीस का?" ती तशीच हात पुढे करून आमच्या दिशेने येत राहिली, अगदी शेगडीजवळ. कुणीच काही बोलेना; नियम तसा होता. अजून दोन पावलं, आणि उकळतं पातेलं.

यू काप्ती उठली आणि तिने दार्नीचा हात घट्ट धरला.

"थांब. पुढे शेगडी आहे, भाजशील."

दार्नी जागच्या जागी थबकली. फडकं न काढताच तिने तो हात चाचपला, नाकाशी नेला. आल्याचा वास. आईच्या हातांना येई तोच.

"या वेळी सांगितलंस," ती म्हणाली.

यू काप्तीने धरलेला हात सोडला नाही. दार्नीनेच फडकं खाली ओढलं. ते ओलं झालं होतं.

"आईकडे कधी जायचं?"

"उद्या सकाळी. पण तुझी बस?"

"जाऊ दे तिला."

गिमिनने दोघींसाठी चटई झटकली. मनात देवाचे आभार मानत मी पातेलं ढवळत राहिले. जरा वेळाने यू काप्तीने केळीचं पान सोडून बहिणीपुढे ठेवलं आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली.

"जेंग, यंदा तुमचा अपेम गेला बरं का."

त्या रात्री मी उपाशीपोटी घरी आले, आणि इतकं पोट भरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.