कमळांचे खांब आणि इडल्यांचा रस्ता

त्या काळच्या सोलापुरात सायकलवर न बसणारा माणूस शोधावा लागला असता. आमच्या कचेरीत मात्र असे दोघं एकाच खोलीत बसत. एक साहेब, कारण त्यांना जीप होती. आणि दुसरी मी, कारण मी मुलगी होते.

कचेरी रस्त्यांच्या कामाची. साहेब इंजिनियर, मी ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं उतरवायचा, हे माझं काम. साहेब मनाचे चांगले होते. फक्त एखादी कल्पना त्यांच्या डोक्यात शिरली की चहा गार व्हायचा. त्यांचा आणि माझाही, कारण साहेबांच्या आधी कप उचलायची पद्धत नव्हती.

गिरणीकडच्या रस्त्याची कल्पना त्यांच्या डोक्यात आपणहून शिरली नाही, ती घातली गेली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा, आणि त्यातूनच मालाचे ट्रक, एस.टी. आणि टांगे वाट काढायचे. एका संध्याकाळी एका ट्रकनं एका कामगाराला कडेच्या गटारात ढकललं. हात मोडला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर कामगार घरी गेलेच नाहीत. सरळ आमच्या कचेरीशी आले, फाटकात सायकली आडव्या लावल्या, त्यांना कुलपं घातली आणि समोरच्या कडुनिंबाखाली विड्या ओढत बसले. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. जीप आत, साहेबही आत.

साहेब फाटकापर्यंत गेले. "तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"आमचं काय न्हाय साहेब," एक जण म्हणाला. "तुमी निवांत बसा. आमालाबी घाई न्हाय."

दिवेलागणीच्या आत साहेबांनी शब्द दिला, सायकलींना वेगळी वाट करून देतो.

कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी अशा वाटेचं चित्र पाहिलं होतं. मोटारींचा रस्ता एकीकडे, सायकलींचा एकीकडे आणि मध्ये खांबांची रांग. दगडाला आपल्याकडे तोटा नव्हता. साहेबांनी कंबरेएवढे चौकोनी खांब काढले, रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभे केले, चष्मा काढून कागद लांब धरला आणि म्हणाले, "बोडके वाटतात हो."

तेव्हा माझा रांगोळीचा हात चांगला होता. मी प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एकेक कमळ काढून दिलं. चांगल्या टोकदार पाकळ्यांचं. साहेब इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी चहा गरम असतानाच प्यायला.

पाथरवटांनी माझ्या कमळांचं सोनं केलं. गिरणीच्या अलीकडे थोड्या अंतरापुरते खांब उभे राहिले, दिसायलाही झोकात; मोटारी आत शिरू नयेत म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांशी जोडीजोडीनं. लोकांना ते फारच आवडले. पहिल्याच दिवशी कुणी तरी त्यांना शेळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या बायकांनी खांबाखांबाला दोरी लावून रंगवलेलं सूत वाळत घातलं. सायकलवाले मात्र सगळे पूर्वीसारखेच ट्रकांच्या मधून चालले होते. साहेबांनी आमच्या शिपायाला विचारलं, "तू तरी त्या वाटेनं येतोस ना?"

"येतो की साहेब," तो म्हणाला. "चालत येतो. सायकल हातात धरून."

मग साहेब मला घेऊन पाहणीला गेले. वाटेच्या तोंडाशी एक विणकर अडकला होता. कॅरेजच्या दोन्ही बाजूंना चादरींचे गठ्ठे बांधलेले, आणि ते गठ्ठे दोन खांबांत असे घट्ट रुतले होते की सायकल पुढे जाईना, मागे येईना आणि पडेहीना. गडी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर शांत बसला होता. घरी तेलुगू बोलणारा माणूस, मराठी अगदी सावकाश बोलायचा.

"हे कमळ कुणी काढलं?" त्यानं विचारलं.

"मी," मी थोडी लाजत म्हणाले.

"लई चांगलं काढलंय. आता मलाबी काढा की, बाई."

आम्ही दोघांनी गठ्ठे ओढून त्याला काढलं. साहेबांनी गाडीत बसून चष्मा पुसला. मग म्हणाले, "स्वतः चालवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. कॉलेजात असताना मी सायकलवर हात सोडून जात असे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिपायाची सायकल घेतली. पँटीला क्लिपा लावल्या, डोक्यावर हॅट ठेवली, मागे चादरींचे दोन गठ्ठे बांधून घेतले. मी टेप आणि खडू घेऊन शेजारून पळत होते. वाटेच्या तोंडाशी रुतलेले गठ्ठे मी मागून ढकलून आत घातले, आणि पुढचे चार खांब साहेब खरोखर झोकात गेले. पाचव्याला शेळी होती. साहेबांनी तिला चुकवलं, पण कमळाला चुकवता आलं नाही. पाकळीचं टोक गुडघ्याच्या वाटीवर बसलं आणि साहेब, हॅट आणि गठ्ठे तिन्ही तीन दिशांना गेले. शेळी जागेवरच होती.

एका घरातल्या आजोबांनी बाज आणून टाकली. तिच्यावर पडल्यापडल्या साहेब म्हणाले, "ते कमळ कुणाच्या डोक्यातून आलं होतं?"

"माझ्या. पण सही तुमची आहे, साहेब."

"हं," साहेब म्हणाले, आणि हॅट तोंडावर ओढून घेतली.

कचेरीच्या मागेच त्यांचं घर होतं. आम्ही जीपमधून त्यांना नेलं तेव्हा त्यांच्या पत्नी ओसरीत शेंगा फोडत होत्या. त्यांना मी वहिनी म्हणत असे. माहेर धारवाडचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. गुडघा बघून त्या आधी घाबरल्या, नंतर हळद आणायला उठल्या आणि हळद लावता लावता हसायलाच लागल्या.

"अय्यो! मला विचारायचं तरी. धारवाडला मी रोज सायकलवरून कॉलेजला जात होते."

"ते लग्नाआधी," साहेब म्हणाले.

"मग? लग्नात काय पाय बदलून दिले का मला?"

साहेबांनी कूस बदलली. आठवडाभर त्यांना उठायची मनाई होती, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं. वहिनींनी जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची लेडीज सायकल मागून आणली, पदर खोचला, मागे गठ्ठे बांधले आणि भर दुपारी त्या वाटेवर निघाल्या. वहिनी अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. सूत वाळत घालणाऱ्या बायकांनी हातातलं काम टाकलं. वाटेच्या तोंडाशी गठ्ठे रुतले, तेव्हा त्या बायकांनीच ते सोडवून दिले. वहिनी शेवटपर्यंत जाऊन परत आल्या, उतरल्या आणि घाम पुसत मला म्हणाल्या, "हे खांब सारखे गुडघ्याकडे बघतायत असं वाटतं गं. मी भिऊन मधोमध जाते. मग दुसऱ्यानं कुठून जायचं? तू बस एकदा, म्हणजे कळेल."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

वहिनींनी आधी माझ्याकडे, मग खांबांच्या त्या रांगेकडे बघितलं. "त्यांना दोन चाकांचं विसरायला झालंय, तुला येतच नाही. आणि रस्ता तुम्ही दोघांनी काढलाय! शाबास."

त्यांनीच मला शिकवलं, घरामागच्या मैदानात, सकाळी लवकर. माझ्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. बातमी माझ्याआधी तिथं पोचली. रात्री जेवताना ते माझ्याशी न बोलता आईशी बोलले.

"मुलगी सायकल चालवते म्हणे."

"पडते का?" आईनं विचारलं.

"नाही म्हणे."

"मग जेवा."

पुढची गोष्ट कचेरीच्या मागच्या आवारात घडली. साहेब काठी टेकत कामावर रुजू झाले होते आणि पहिल्याच दिवशी मुकादमाला झापत होते. आदल्या दिवशी उरलेलं काँक्रीट कुणी तरी घमेल्यातच ठेवून दिलं होतं. ते घट्ट झालं होतं, आणि घमेलं उपडं करून ठोकल्यावर अख्खंच्या अख्खं बाहेर पडलं होतं. गोल, गुळगुळीत, मध्ये फुगीर. साहेब "सरकारी सिमेंट" म्हणून आवाज चढवत होते आणि मी खाली बसून त्या गोळ्यावरून हात फिरवत होते. कुठंच टोक नाही, कुठंच कोपरा नाही. गुडघ्याला लागणारही नाही, कारण गुडघा खूपच वर. पण ट्रकाचं चाक त्यावर चढलं, तर ड्रायव्हरला बसल्या जागी कळेल.

"साहेब, हे बघता का?"

साहेब वाक्याच्या मध्येच थांबले. काठी मुकादमाच्या हातात दिली आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले. दुखऱ्या गुडघ्याचं त्यांना भान राहिलं नाही. मुकादमाला मात्र अजून कळेना, आपण सुटलो की काय.

मग पंधरवडाभर आमच्या आवारात सगळी घमेली उपडीच होती. वाटेवर एक ओळ मांडली, वहिनी आणि मी आळीपाळीनं सायकल चालवून पाहिली. पायडल खाली आलं की गोळ्याला घासायचं. म्हणून ते गोळे थोडे जमिनीत पुरले. दोन गोळ्यांमध्ये अंतर ठेवलं, पावसाचं पाणी जावं आणि माणसाला रस्ताही ओलांडता यावा. उंच खांब फक्त वाटेच्या दोन तोंडांशी ठेवले, तेही नवे, गोल, चुना दिलेले. त्यांच्यामधून चादरींचे गठ्ठे जातील, पण जीप जाणार नाही एवढीच जागा. जीप जात नाही हे साहेबांनी स्वतः जीप घालून पाहिलं. मडगार्डला पोचा पडला आणि ते फार समाधानानं परत आले.

जुने दगडी खांब उपटून कडेला ठेवले होते. आठ दिवसांत सगळे गेले. एक मी चहाच्या टपरीवर बसायला ठेवलेला पाहिला. त्यावर कुणी फार वेळ बसत नसे.

साहेबांनी कागदावर त्या गोळ्यांना लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. गावानं त्यांना इडल्या म्हटलं. "इडल्यांच्या रस्त्यानं ये की," असं लोक एकमेकांना सांगू लागले. साहेबांना ते बिलकूल आवडलं नाही. वहिनी एक दिवस डब्यात मुद्दाम इडल्या घेऊन आल्या. साहेबांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

पण पाळीच्या वेळी लोक त्या वाटेनं जातात की नाही, हे कुणी तरी बघायला हवं होतं. वहिनींच्या घरी पाहुणे होते. साहेब जीपमधून बघतो म्हणाले, पण साहेबांच्या जीपला सायकलवाले कसे अडवतात हे आम्ही फाटकात पाहिलं होतं. म्हणून मी गेले, नर्सबाईंची सायकल घेऊन.

भोंगा झाला आणि मागून लोंढा आला. डब्यांचा खडखड आवाज, घंट्या, अंगाला कापसाचा आणि तेलाचा वास. मी आधी डोळे मिटून घेणार होते, पण सायकलवर ते जमत नाही. पहिले काही जण सवयीनं ट्रकांकडे गेले. मग एक जण इडल्यांच्या आत वळला, त्याच्या मागून दुसरा, आणि बघता बघता वाट भरली. बाजूनं एक ट्रक गेला. त्याचं मागचं चाक एका इडलीवर चढलं, दणकन आपटलं आणि ट्रक आपला पलीकडे सरकला. माझ्या मागचा एक म्हातारा कामगार मोठ्यानं "व्हय!" म्हणाला, जणू त्यानंच ट्रकाला ढकललं होतं. मग मला म्हणाला, "ताई, डाव्या अंगाला घ्या की, मागनं लोक हायत."

मी डावीकडे घेतलं. माझा कोपर कुणाच्या तरी हँडलला लागत होता, पण भीती वाटत नव्हती. मला एकदम फार बरं वाटलं, इतकं की थांबायचं ठरवलेला चौक आला आणि गेला तरी मी थांबले नाही.

थांबले नाही याला आणखी एक कारण होतं. वहिनींनी मला चढायला शिकवलं होतं, चालवायला शिकवलं होतं. गर्दीत उतरायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. गर्दी पांगेचना, म्हणून मी तिच्याबरोबरच चालवत राहिले आणि थेट स्टेशनाच्या बाजूला पोचले. तिथं एका टांगेवाल्याला ओरडून सांगितलं तेव्हा त्यानं कॅरेज धरलं आणि मी खाली उतरले.