दिवादांडीची किल्ली

नथूकाका कुणाच्याही फाटकातून आत पाऊल टाकण्याआधी तीनदा हाक मारत. "आहे का कोणी? मी नथू आलोय." उत्तर आलं नाही तर तिथूनच परत फिरत. आम्ही त्यांचे सख्खे शेजारी. आमचं दार दिवसभर सताड उघडं, आई समोर ओट्यावर भाजी निवडत बसलेली, तरी काका फाटकाबाहेर उभे राहून हाका मारायचे. आई वैतागून म्हणायची, भाऊजी, दिसतेय ना मी? त्यावर काकांचं म्हणणं असं, की दिसणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. डहाणूला त्यांची चिकूची वाडी होती. जन्मभर वाडी राखलेल्या माणसाला न विचारता आत आलेला पाय आवाजावरून ओळखू येतो, असं ते सांगत. काका गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. त्यांची आठवण निघाली की लोक चिकू, कलमं आणि तोंडावर बोलण्याची खोड यांबद्दल बोलतात. मला आठवतात ते कम्प्युटरसमोर बसलेले काका, पडद्यावरच्या दाराला हाक मारणारे.

झालं असं, की ऐन हंगामात काका शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि डॉक्टरांनी तीन महिने वाडीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. काकांनी पहिल्या पंधरा दिवसांतच काकीला सळो की पळो करून सोडलं. शेवटी पुण्याच्या लेकीने नातवाचा जुना कम्प्युटर पाठवून दिला. मी तेव्हा स्टेशनजवळ कम्प्युटरचा क्लास चालवत होते, म्हणून तो जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. काका मला मास्तरीण म्हणत. मान म्हणून नव्हे, चिडवायला.

पडद्यावर एका दीपगृहाचं चित्र होतं. काका पुढे वाकून म्हणाले, "ही दिवादांडी आपली नाय. कुठली?" मी सांगितलं की तो नातवाने टाकलेला खेळ आहे. झालं, ते अडूनच बसले, दाखव म्हणून.

खेळ फार जुना होता. एक बेट, त्यावर बंद पडलेली दिवादांडी. तिचा राखणदार अचानक नाहीसा झालेला, आणि त्याचा शोध घ्यायला शहरातून एक बाई बोटीने येते. ती बाई म्हणजे आपण. ना मारामारी, ना गुण, ना वेळेचं बंधन. चित्रातल्या वस्तू निरखायच्या, माणसांशी बोलायचं, हाती लागेल ते पिशवीत टाकायचं, आणि कुठली वस्तू कुठे उपयोगी पडते ते शोधत डोकं खाजवत बसायचं. संवाद सगळे इंग्रजीत. त्यामुळे रोज चार वाजता चहाला जायचं आणि ते मराठीत वाचून दाखवायचे, हे माझ्या गळ्यात पडलं.

मला असल्या खेळांचा धीर नाही. मला उत्तर हवं असतं, तेही आत्ता. काकांना घाईच नव्हती. खताच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत त्यांनी बेटाचा नकाशा काढला. कोण काय बोललं ते माणसावार लिहिलं. प्रत्येकाकडे दोनदा जायचं हा त्यांचा नेम होता. "पहिल्यांदा माणूस उत्तर देतो, मास्तरीण. दुसऱ्यांदा सांगतो." मी पुढे पुढे पळायला लागले की म्हणत, चिकू नखाने खरवडून बघ, आत हिरवं दिसलं तर अजून वेळ आहे. एकदा मी चिडून विचारलं, काका, यात तुम्हांला एवढं काय आवडतं? ते म्हणाले, "टीव्हीवरची मालिका आपल्याला सोडून पुढे जाते. हा खेळ नाय जात. आपण जेवून येऊ, झोपून येऊ, सगळी माणसं आपल्यासाठी थांबलेली."

बेटावर सगळ्यांचा संशय एकाच माणसावर होता, नावाड्यावर. राखणदार त्याचा दोस्त, शेवटचा त्याच्याबरोबरच दिसलेला, आणि तेव्हापासून नावाडी कुणाशी बोलत नव्हता. आपण गेलो की तोंड फिरवायचा. काकांनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. "हाच. गप्प बसला म्हणजे समजायचं."

स्वयंपाकघरातून काकी म्हणाली, "लखमाच्या वेळीही तुम्हांला असंच कळलं होतं."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या दिवशी खेळ तिथेच थांबला.

लखमाचं नाव मी लहानपणी ऐकलं होतं, पण काय घडलं ते ठाऊक नव्हतं. काकीने ते मला स्वयंपाकघरात, भांडी लावता लावता सांगितलं. लखमा तलासरीकडचा, उधव्याचा. बारा वर्षं वाडीत होता, तिथेच राहायचा. विहिरीजवळची कलमं त्याच्या हातची. एक दिवस काकांनी अंघोळीला जाताना वडिलांचं मनगटी घड्याळ विहिरीकाठच्या दगडावर काढून ठेवलं आणि परत आले तर घड्याळ नाही. तिथे लखमाच होता. काकांनी वाडीतल्या सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं आणि निघून जायला सांगितलं. तो एक शब्द न बोलता बायकोला घेऊन गेला. याला बावीस वर्षं झाली होती. घड्याळ कधी मिळालं नाही, लखमा कधी आला नाही, आणि काकांनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. काकी म्हणाली, तो जिवंत आहे तोवर यांनी एकदा जाऊन यावं एवढंच माझ्या मनात आहे, पण यांना सांगणार कोण?

इकडे खेळ अडला. दिवादांडीला कुलूप होतं आणि किल्ली नावाड्याच्या झोपडीत खुंटीला लटकत होती. नावाडी दुपारी होडीवर जायचा, झोपडी उघडीच. मी माउसचा बाण किल्लीवर नेला, तर काकांनी माझ्या हातावर चापट मारली. घरात माणूस नसताना खुंटीवरची किल्ली घ्यायची? मी म्हटलं, काका, हा खेळ आहे, इथे दिसेल ते उचलायचं असतं. ते म्हणाले, मग राखणदाराचा शोध आपण घ्यायचा, की लोकांनी आपला? त्या झोपडीच्या दारातसुद्धा त्यांनी आधी हाक मारली. पडद्याला. मी कपाळावर हात मारून घेतला.

तीन आठवडे आम्ही तिथेच. मी घरी जाऊन गुपचूप इंटरनेटवर उत्तर पाहिलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, नावाडी नसताना किल्ली घ्या. दुसऱ्या दिवशी मी आडून आडून सुचवलं, तर काकांनी लगेच ओळखलं. "चोरून बघून आलीस ना? तुला खेळ पाहिजे का उत्तर?" मी रुसून स्वयंपाकघरात गेले. काकी हसली नाही. हळूच म्हणाली, "किल्ली विचारल्याशिवाय घ्यायची नाही म्हणतात. माणसाची अब्रू घेतली, तेव्हा कुठे विचारलं होतं?"

काकांना ते ऐकू गेलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की आपल्या पिशवीत राखणदाराची टोपी आहे ना, ती नावाड्याला देऊन टाक. ही टोपी आम्हांला किनाऱ्यावर सापडली होती. समुद्राने काठावर टाकलेलं घ्यायला त्यांची हरकत नव्हती. मी म्हटलं, उगाच हातची वस्तू जाईल, पुढे लागली तर? ते म्हणाले, त्याच्या दोस्ताची आहे, त्याच्याकडेच शोभेल. नावाडी झोपडीत असताना आम्ही गेलो. हाक मारली. टोपी दिली. आणि तीन आठवडे तोंड फिरवणारा तो माणूस बोलायला लागला. मी वाचून दाखवलं:

"गावात सगळ्यांना माझ्याबद्दल विचारलंत. मला कोणीच विचारलं नाही."

मग त्याने स्वतःच्या हाताने खुंटीवरची किल्ली काढून दिली. मी खुर्चीतून उडालेच. खेळ बनवणाऱ्याने ही वाट ठेवली होती, आणि मी वाचलेल्या उत्तरात तिचा पत्ताच नव्हता. मी आनंदाने काकांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. "काय म्हणाला ते परत वाच," म्हणाले. मी वाचलं. "बंद कर," म्हणाले.

आठ दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. मला वाटलं, कंटाळले. नवव्या दिवशी सकाळीच फाटकाशी हाक आली. काका काठी टेकत उभे होते, मागे रिक्षा, रिक्षात चिकूची टोपली. उधव्याला येतेस का, एवढंच त्यांनी विचारलं. मी वाटेत त्यांच्यासाठी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. गरज पडली तर पुरवावीत म्हणून.

लखमाचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात तो बाजेवर बसला होता, केस पांढरे झालेले, अंगाने वाळलेला. काका कुंपणाबाहेर उभे राहिले आणि त्यांनी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला लखमाने मान वर केली. मग म्हणाला, "या, शेट."

काका आत गेले, पण बसले नाहीत. म्हणाले, "लखमा, तेव्हा मी तुला विचारलं नाय. आज विचारायला आलोय. माझं घड्याळ तू घेतलंस का?"

माफी मागायला म्हणून बावीस वर्षांनी यायचं आणि हे विचारायचं? पण लखमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो सावकाश उठून उभा राहिला. "नाय, शेट. मी नाय घेतलं. कुठं गेलं ते तवा ठाव नव्हतं, आताही ठाव नाय. तुम्ही इचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं."

"बरं," काका म्हणाले. "माझं चुकलं." मग लखमानेच त्यांना धरून बाजेवर बसवलं. पुढचा तासभर ते दोघं चिकूच्या झाडांबद्दल बोलले. विहिरीजवळच्या कलमांपैकी कुठलं धरलं, कुठलं गेलं, कुणाला कीड लागली. मला रडू येत होतं आणि ते दोघं खतावरून वाद घालत होते.

पंधरा दिवसांनी लखमा डहाणूला आला. काकांनी वाडीतली सगळी माणसं फाटकाशी बोलावली आणि याने घड्याळ घेतलं नव्हतं, मी न विचारता बोललो होतो, असं सर्वांसमोर सांगितलं. त्यातल्या निम्म्यांना ते प्रकरण माहीतही नव्हतं. लखमाला माहीत होतं, ते पुरेसं होतं. काकी पदराने डोळे पुसत आत गेली आणि तिने त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या इतक्या केल्या की दोन दिवस पुरल्या.

खेळ तेवढा शिल्लक होता. दुपारी काकांनी लखमाला कम्प्युटरसमोर शेजारी बसवलं आणि डायरी उघडून सगळी कथा समजावली. उधव्याहून आल्यावर दिवादांडी उघडून आम्ही शेवटाशी आलो होतो. पडद्यावर सहा चेहरे होते आणि बोट ठेवून अपराधी सांगायचा होता. काका बोट ठेवेनात. लखमा त्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत होता. चेहऱ्यांच्या मागे बेटाचा बाजार दिसत होता, तिथल्या एका कोपऱ्यात पाव विकणारा म्हातारा. आम्ही त्याला नुसती शोभा समजलो होतो.

"याला इचारलं का?" लखमाने विचारलं.

काकांनी डायरी चाळली. "नाय," म्हणाले. "हा राहिला."

आम्ही मागे फिरलो. म्हातारा म्हणाला, राखणदार माझ्या माडीवर आजारी पडून आहे, एकट्याने दिवा लावून लावून थकला होता, कोणी विचारायला येईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. अपराधी कोणी नव्हताच. सहा चेहरे पुसले गेले आणि दिवादांडीचा दिवा लागला. काकांनी डायरी मिटली. म्हणाले, म्हणजे कोणी काही केलंच नव्हतं. लखमा म्हणाला, "नसतंय कधी कधी, शेट."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सवयीने गेले. फाटकातूनच दिसलं, विहिरीकाठच्या दगडापाशी दोघं वाकून काहीतरी करत होते. काका काठीने पाचोळा बाजूला सारत होते, लखमा उकिडवा बसून दगडाखालची माती बोटांनी उकरत होता. ते घड्याळ शोधत होते. बावीस वर्षांनी. मी तशीच आत शिरणार होते, पण पाय थांबला. फाटकाबाहेरूनच तीनदा हाक मारली. आहे का कोणी, मी आलेय.

"ये, मास्तरीण," काका मान वर न करता म्हणाले. "तुझे डोळे नवे आहेत. त्या बाजूने बघ."

घड्याळ सापडलं नाही. काकीने दोनदा चहा पाठवला, तो आम्ही तिथेच, दगडावर बसून प्यायलो. कुणालाच उठायची घाई नव्हती.