नळीवरची सरकी

घाटंजीच्या फरहानाचा नेम पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला हमखास ढळायचा. त्या वर्षी कापूस मातीमोल झाला होता, नवऱ्याच्या, रहमतच्या, गॅरेजात दुरुस्तीला ट्रॅक्टर येईनासे झाले होते. रहमत म्हणाला, "चाल, तुले यवतमाळच्या पिस्तूल क्लासले नेतो."

तिथं शिकवणाऱ्या दीपमाला मॅडमनी तिच्या रिकाम्या एअर पिस्तुलाच्या नळीवर सरकीचा दाणा ठेवला. चाप दाबताच तो पडला.

"झटका देता तुम्ही. श्वास सोडून हळूच दाबा."

दाणा पडत राहिला. रहमत तो उचलून, फुंकर मारून पुन्हा ठेवत राहिला.

"तुमाले कंटाळा नाई आला?"

"मले काय काम हाये? तू कर."

संध्याकाळी चाप वाजला, दाणा हलला नाही. दोघं बघतच राहिले.

पुढच्या स्पर्धेत फरहाना तिसरी आली. पदक घेऊन ती थेट रहमतजवळ गेली आणि तिनं ते त्याच्याच गळ्यात घातलं.